पॉड डिलीट करण्याआधी पंचनामा करा

गळीत हंगाम भरात आला की चिकोडी-निपाणी पट्ट्यात कारखान्यांच्या काट्यावर रात्री दोनलाही ट्रॅक्टरांची रांग असते. अशा वेळी वजनाची पावती देणारं अ‍ॅप बसलं, की फोन येतो आणि नव्या माणसाचा हात सगळ्यात आधी एकाच कमांडकडे जातो: पॉड डिलीट. पॉड म्हणजे क्युबरनेटिस या कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेत अ‍ॅप ज्या खोक्यात चालतं ते. नवा पॉड उभा राहतो, पावत्या सुटतात, सगळे झोपायला जातात. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पण पहिल्या पॉडबरोबर त्याचे लॉग, त्याचा एक्झिट कोड, तो किती वेळ चालून पडला ही नोंद, सगळं वाहून गेलेलं असतं. अपघाताची गाडी पंचनाम्याआधी हलवत नाहीत, तसंच हे आहे.

कॉलेज संपवून क्युबरनेटिस क्लस्टर (एकत्र बांधलेल्या यंत्रांचा गट) सांभाळायच्या कामाला नुकतेच लागलेल्यांसाठी ही वाट लिहिली आहे. डॉकर इमेज म्हणजे काय आणि लिनक्सवर फाइल कशी वाचायची, एवढं येत असलं की पुरे. उदाहरण काटा-पावतीचंच घेऊ. नेमस्पेसचं, म्हणजे क्लस्टरमधल्या कप्प्याचं, नाव ‘गळीत’. त्यात तीन कामं: ‘काटा’ भरलेलं आणि रिकामं वजन घेतो, ‘शेतकरी’ नोंदवही सांभाळतो, ‘पावती’ हे जावातलं अ‍ॅप निव्वळ वजन काढून पावती बनवतं. क्लस्टरशी बोलायचं साधन म्हणजे क्यूबसीटीएल. कमांड इथे फोनवर सांगताना बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या आणि क्लस्टरमधली नावंही लहान रोमन अक्षरं, आकडे व आडवी रेघ एवढ्यातच बसवायची.

सरावासाठी खरा क्लस्टर लागत नाही. लॅपटॉपवर मिनीक्यूब, म्हणजे सरावाचा छोटा क्लस्टर, चालतं. त्याला किमान २ सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क लागते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे पंचवीस टॅब बंद केले की भागतं.

पहिली पायरी: आपण कुठल्या दारात उभे आहोत

क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट

ही कमांड रोज सकाळी आणि प्रत्येक फोननंतर. चाचणीचा क्लस्टर समजून चालू क्लस्टरवर हात टाकणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे, आणि ती अननुभवी माणसापेक्षा घाईतला माणूस जास्त करतो. मग नेमस्पेस पक्का करायचा, म्हणजे दरवेळी लिहावा लागत नाही:

क्यूबसीटीएल कॉन्फिग सेट-कॉन्टेक्स्ट --करंट --नेमस्पेस=गळीत

‘नो रिसोर्सेस फाउंड इन डिफॉल्ट नेमस्पेस’ असं उत्तर आलं तर अ‍ॅप उडालं असं समजून घाबरू नका. शेजारच्या घराची कडी वाजवलीत, एवढंच.

दुसरी पायरी: लांबून बघणं

क्यूबसीटीएल गेट पॉड्स -ओ वाइड

पाच रकाने नीट वाचा. ‘रेडी’मध्ये १/१ हवं. ०/१ असून स्टेटस ‘रनिंग’ असेल तर प्रोसेस चालू आहे, पण रेडिनेस (विनंत्या घ्यायला तयार आहे का ही) तपासणी नापास होतेय, त्यामुळे त्याच्याकडे विनंत्या जात नाहीत. ‘रिस्टार्ट्स’चा आकडा स्टेटसपेक्षा खरा बोलतो: रनिंग आहे, पण १४ वेळा उठलाय, याचा अर्थ तो बरा नाही. ‘एज’वरून कळतं की पॉड नवा आहे की जुन्याच पॉडमधला कंटेनर पुन्हापुन्हा उठतोय.

आता स्टेटस. ‘पेंडिंग’ म्हणजे पॉडला नोड, म्हणजे क्लस्टरमधलं यंत्र, मिळालेला नाही. बहुतेक वेळा मागितलेली मेमरी किंवा सीपीयू कुठल्याच नोडवर शिल्लक नसते, कधी डिस्कसाठी केलेली मागणी अडकलेली असते. ‘क्रिएटकंटेनरकॉन्फिगएरर’ दिसलं की बहुतेक वेळा कॉन्फिगमॅप (सेटिंगची नोंद) किंवा सिक्रेटचं (पासवर्डसारख्या गुप्त गोष्टींची नोंद) नाव चुकलेलं असतं, आधी तिथेच शोधा.

‘इमेजपुलबॅकऑफ’ला चार कारणं पुरतात: टॅग चुकला, खाजगी रजिस्ट्रीचं (इमेजच्या कोठाराचं) लॉगिन दिलं नाही, रजिस्ट्रीपर्यंत नेटवर्क पोचत नाही, किंवा निनावी पुलची (लॉगिनशिवाय इमेज उतरवून घेण्याची) मर्यादा संपली. शेवटचं कारण कॉलेजच्या लॅबमध्ये हमखास भेटतं, कारण साठ लॅपटॉप एकाच आयपीमागे असतात आणि डॉकर हब त्यांना एकच गिऱ्हाईक समजतो. मिनीक्यूबवर आणखी एक फसगत होते. इमेज लॅपटॉपवर आहे, तरी क्लस्टरला सापडत नाही. दोन्हींची कोठारं वेगळी. ‘मिनीक्यूब इमेज लोड’ करून ती आत टाकायची आणि टॅग ‘लेटेस्ट’ ठेवायचा नाही. लेटेस्ट असला की पुल पॉलिसी आपोआप ‘ऑल्वेज’ होते आणि क्लस्टर बाहेरच्या रजिस्ट्रीत शोधायला जातो.

‘क्रॅशलूपबॅकऑफ’ हा रोग नाही, ते लक्षण आहे. कंटेनर सुरू झाला, पडला, पुन्हा सुरू केला, पुन्हा पडला. दरवेळी थांबण्याचा वेळ दुप्पट होतो: १० सेकंद, २०, ४०, असं करत ५ मिनिटांपर्यंत. कंटेनर सलग १० मिनिटं नीट चालला की घड्याळ पुन्हा १० सेकंदांवर येतं. म्हणून दुरुस्ती केल्यावर पॉड लगेच उठला नाही तर ती फसली असं धरू नका, तो पाच मिनिटांची शिक्षा भोगत असेल.

तिसरी पायरी: पंचनामा

पॉडचं पूर्ण नाव कॉपी करा आणि तीन फाइली करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, रांगेतले ट्रॅक्टर तेवढे थांबतात.

क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड <नाव> > डिस्क्राइब.टीएक्सटी
क्यूबसीटीएल गेट पॉड <नाव> -ओ यॅमल > पॉड.यॅमल
क्यूबसीटीएल लॉग्ज <नाव> --प्रिव्हियस > आधीचे-लॉग.टीएक्सटी

यात ‘--प्रिव्हियस’ सगळ्यात मोलाचं. साधी लॉग्ज कमांड आत्ता चालू असलेल्या कंटेनरचे लॉग देते. तो तर नुकताच उठलाय, त्याला काय माहीत. मेलेल्याचा जबाब आधीच्या कंटेनरकडे असतो, आणि तोही फक्त शेवटच्या एकाच मरणाचा मिळतो.

डिस्क्राइबची फाइल खालून वर वाचायची. तळाशी ‘इव्हेंट्स’ असतात आणि क्लस्टर ते मूळ सेटिंगप्रमाणे एकच तास जपतो. रात्री दोनला पडलेल्याचे इव्हेंट्स सकाळी नऊला शोधले तर ‘नन’ दिसणार. त्याच्या वर कंटेनरची स्थिती. ती अशी दिसते:

स्टेट: रनिंग
लास्ट स्टेट: टर्मिनेटेड
रीझन: ओओएमकिल्ड
एक्झिट कोड: १३७
स्टार्टेड: ०८:०१:०७ +०५३०
फिनिश्ड: ०८:१४:५२ +०५३०

पहिली ओळ ‘रनिंग’ आहे म्हणून पुढे सरकू नका. शेवटच्या दोन ओळींची वजाबाकी करा: १३ मिनिटं ४५ सेकंद. म्हणजे सुरू होताना काही बिघडलं नव्हतं, काम करता करता मेमरी फुगत गेली आणि मर्यादा ओलांडल्यावर कर्नलने मारलं. हाच फरक एक-दोन सेकंदांचा असता तर मेमरीचा विचार सोडून सुरुवातीची कमांड, पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) किंवा डेटाबेसचा पत्ता बघितला असता. दुखणं कुठल्या दिशेला आहे ते या वजाबाकीतून कळतं, आणि ती करायला कुठलंही साधन लागत नाही.

एक्झिट कोडपैकी मोजकेच पाठ असू द्या. ० म्हणजे प्रोसेस स्वतःहून काम संपवून गेली. सतत चालायचं अ‍ॅप ० देऊन संपत असेल तर सुरुवातीची कमांडच चुकीची आहे. १ म्हणजे अ‍ॅपची स्वतःची चूक, लॉग वाचा. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. १३९ म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट. १२८ च्या वरचे आकडे सिग्नलचे: १३७ वजा १२८ बरोबर ९, म्हणजे जबरदस्तीने मारलं, १४३ म्हणजे १५, म्हणजे ‘आवर आता’ असं सांगून थांबवलं.

१३७ दिसला की सरसकट ‘मेमरी कमी पडली’ म्हणायची सवय आहे, ती मोडा. लाइव्हनेस (अ‍ॅप जिवंत आहे का ही) तपासणी नापास झाली की क्युबलेट, म्हणजे नोडवरचा पॉड सांभाळणारा प्रोग्राम, आधी १५ पाठवतो, मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद वाट बघतो आणि अ‍ॅप आवरत नसेल तर ९ मारतो. तिथेही कोड १३७ च. फरक ‘रीझन’च्या ओळीत आणि इव्हेंट्समध्ये असतो. ‘लाइव्हनेस प्रोब फेल्ड’ असेल तर मेमरी दुप्पट करूनही उपयोग नाही. लाइव्हनेसचं मूळ माप असं: दर १० सेकंदांनी एकदा, उत्तराला १ सेकंद, तीनदा चुकलं की बाद. जावाचं अ‍ॅप उठायला चाळीस सेकंद घेत असेल तर ते उठण्याआधीच मारलं जातं, आणि हे चक्र थांबत नाही. त्यावर उपाय स्टार्टअप प्रोब, म्हणजे सुरुवातीपुरती वेगळी तपासणी. फेल्युअर थ्रेशोल्ड ३० आणि पीरियड १० ठेवला की अ‍ॅपला ३०० सेकंद सवलत मिळते, तोवर लाइव्हनेस गप्प बसते.

मेमरीची मर्यादा तपासताना युनिट बघा. ‘५१२ एमआय’ म्हणजे ५१२ मेबीबाइट. घाईत शेवटचा ‘आय’ गळला आणि लहान ‘एम’ उरला तर त्याचा अर्थ मिली होतो, म्हणजे अर्धा बाइट. सीपीयूला मिली चालतं, मेमरीला नाही. सीपीयूची मर्यादा ओलांडली तर कंटेनर मरत नाही, नुसता मंदावतो. मग लाइव्हनेसला एका सेकंदात उत्तर देता येत नाही, आणि वरची गोष्ट पुन्हा सुरू.

पंचनामा झाला? आता खुशाल मागे जा. काल चालत होतं आणि आजच्या रिलीजनंतर बसलं असेल तर रात्री दोनला मूळ कारण खणत बसायचं नाही:

क्यूबसीटीएल रोलआउट अनडू डिप्लॉयमेंट/पावती
क्यूबसीटीएल रोलआउट स्टेटस डिप्लॉयमेंट/पावती

एक लक्षात असू द्या. अनडूने डिप्लॉयमेंटमधला पॉडचा साचा मागे जातो. कॉन्फिगमॅपमध्ये केलेला बदल किंवा डेटाबेसच्या रकान्यांतला बदल मागे जात नाही.

चौथी पायरी: लॉग वाचताना

क्यूबसीटीएल लॉग्ज <नाव> --सिन्स=१५एम --टाइमस्टॅम्प्स

लेबल देऊन (-एल अ‍ॅप=पावती) सगळ्या पॉडचे लॉग एकदम मागता येतात, पण तसं केलं की दर पॉडच्या शेवटच्या १० च ओळी येतात. ‘लॉगमध्ये काहीच नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी बरेच जण इथे अडकलेले असतात. सोबत ‘--टेल=२००’ द्या. लॉगची फाइल मूळ सेटिंगप्रमाणे १० एमआय झाली की फिरते आणि ही कमांड फक्त ताज्या फाइलमधलं दाखवते. फार बडबडं अ‍ॅप असेल तर तासाभरापूर्वीचं इथे मिळेल या भरवशावर राहू नका. आणि लॉग कंटेनरच्या आतल्या फाइलमध्ये लिहिले जात असतील तर ही कमांड कोरी राहणार. तिला स्टँडर्ड आउटपुटवर आलेलंच दिसतं.

वेळेचा घोळ इथे सगळ्यात जास्त होतो. डिस्क्राइब तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं, यॅमलमध्ये तीच वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आणि कंटेनरमधलं अ‍ॅपही बहुधा यूटीसीतच लिहितं. काट्यावरचा माणूस ‘सव्वानऊला बंद पडलं’ म्हणाला तर लॉगमध्ये ०३:४५ शोधायचं, साडेपाच तास मागे. क्रॉनजॉबचंही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाचंही) तसंच: रोजचा गोषवारा सकाळी ६ ला हवा म्हणून ६ लिहिले आणि कंट्रोलर यूटीसीवर असला, तर तो साडेअकराला निघतो. वेळापत्रकाशेजारी ‘टाइमझोन: एशिया/कोलकाता’ लिहायची सोय आवृत्ती १.२७ पासून पक्की झाली आहे, ती वापरा.

पाचवी पायरी: आत शिरणं

क्यूबसीटीएल एक्झेक -आयटी <नाव> -- एसएच

दोन आडव्या रेघांच्या आधीचं क्यूबसीटीएलसाठी, नंतरचं कंटेनरसाठी. आत गेलात की फक्त बघा. तिथे हाताने बदललेली फाइल कंटेनर पुन्हा उठला की जाते, आणि तुम्ही दुरुस्ती केली असं सगळ्यांना वाटत राहतं.

हल्ली बऱ्याच इमेज इतक्या सडपातळ असतात की त्यात शेलच नसतो. तेव्हा शेजारी तात्पुरता कंटेनर जोडायचा. ही सोय आवृत्ती १.२५ पासून स्थिर आहे:

क्यूबसीटीएल डीबग -आयटी <नाव> --इमेज=बिझीबॉक्स:१.३६ --टार्गेट=पावती

नेटवर्क दोघांचं एकच असतं, आणि टार्गेटमुळे मूळ अ‍ॅपच्या प्रोसेस दिसतात. त्याच्या फाइली ‘/प्रॉक/१/रूट’ खाली सापडतात. परवानगी नाकारली गेली तर हा कंटेनर मूळ अ‍ॅपच्याच वापरकर्त्याने चालवावा लागतो. हा पाहुणा नंतर काढता येत नाही, पॉड जाईल तेव्हाच जातो. कंटेनर उठताक्षणी पडत असेल तर त्यात शिरणार कसं? त्याची नक्कल करून तिची सुरुवातीची कमांड बदलायची:

क्यूबसीटीएल डीबग <नाव> -आयटी --कॉपी-टू=पावती-तपास --कंटेनर=पावती -- एसएच

तपास संपला की ही नक्कल आठवणीने डिलीट करा. इथे मात्र डिलीट चालतं.

उठताक्षणी पडणाऱ्यांत दोन ओळखीचे चोर आहेत. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे इमेज एआरएमच्या मॅकवर बांधली आणि नोड इंटेल जातीचा आहे. दुसरा जास्त छळतो: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, आणि फाइल तर डोळ्यांसमोर आहे. सुरुवातीची स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली की ओळीच्या शेवटी एक न दिसणारं सीआर अक्षर चिकटतं. पहिल्या ओळीतल्या शेलच्या नावालाही ते चिकटतं, आणि लिनक्स त्या विचित्र नावाचा शेल शोधत बसतो. ‘कॅट -ए’ (ए मोठा) केलं की ओळीच्या शेवटी त्याची खूण उघडी पडते. एडिटरमध्ये ओळींचा शेवट ‘एलएफ’ करा आणि इमेज पुन्हा बांधा.

सहावी पायरी: पॉड ठणठणीत, तरी दार उघडत नाही

काटा पावतीला हाक मारतोय आणि उत्तर येत नाही. आधी हे बघा:

क्यूबसीटीएल गेट एंडपॉइंटस्लाइसेस -एल क्युबरनेटिस.आयओ/सर्व्हिस-नेम=पावती

पत्ता रिकामा असेल तर सर्व्हिसचा (पॉडपर्यंत विनंत्या पोचवणाऱ्या दाराचा) सिलेक्टर आणि पॉडचं लेबल जुळत नाही. एका अक्षराचा फरक पुरतो. पत्ता आहे, तर सर्व्हिसच्या ‘टार्गेटपोर्ट’चा आकडा अ‍ॅप ऐकतंय त्या पोर्टशी ताडून बघा. तोही जुळतो? मग अ‍ॅप १२७.०.०.१ वर ऐकतंय का ते बघा. तसं असेल तर ते फक्त स्वतःचंच बोलणं ऐकतं, ०.०.०.० वर बांधायला हवं. इथे पोर्ट-फॉरवर्ड दगा देतं: ते पॉडच्या आतल्या लोकलहोस्टलाच जोडतं, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर पान झकास उघडतं आणि काट्याला मात्र दार बंद.

नावाची तपासणी काट्याच्या नेमस्पेसमधूनच करा. ‘पावती’ हे आखूड नाव फक्त ‘गळीत’मध्ये चालतं, बाहेरून ‘पावती.गळीत’ म्हणायला लागतं. पूर्ण नावही सापडत नसेल तर क्यूब-सिस्टिम नेमस्पेसमधले कोअरडीएनएसचे (नावावरून पत्ता सांगणारे) पॉड जिवंत आहेत का ते बघा.

पासवर्ड बरोबर असून डेटाबेस नाकारतोय, यामागे बऱ्याचदा सिक्रेट असतं. ‘एको’ने पासवर्ड छापून बेस६४ केला की शेवटी नवी ओळ चिकटते आणि तीही पासवर्डचा भाग होते. ‘एको -एन’ वापरा. सिक्रेट सुधारल्यावर पर्यावरण चलातून ते वाचणारा पॉड आपोआप सुधारत नाही, त्याला ‘रोलआउट रिस्टार्ट’ लागतो.

शेवटी, पावतीवर प्रश्नचिन्हं

सीमाभागात हे दुखणं हमखास येतं, कारण इथे शेतकऱ्याचं नाव कुणाचं मराठीत, कुणाचं कन्नडमध्ये. अ‍ॅप लॅपटॉपवर नीट चालतं, क्लस्टरमध्ये गेलं की नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं. कंटेनरमध्ये ‘लँग’ हे चल बहुधा रिकामं असतं आणि जावाची १८ च्या आधीची आवृत्ती त्यावरूनच अक्षरसंच ठरवते. रिकामं दिसलं की ती साधा आस्की धरते, त्यात ना देवनागरी ना कन्नड. आत शिरून तपासा:

जावा -एक्सशोसेटिंग्ज:प्रॉपर्टीज -व्हर्शन

‘फाइल.एन्कोडिंग’पुढे ‘एएनएसआय’ने सुरू होणारं नाव दिसलं की चोर सापडला. डिप्लॉयमेंटमध्ये ‘लँग’ची किंमत ‘सी.यूटीएफ-८’ द्या. जावा १८ पासून फाइली आपोआप यूटीएफ-८ मध्ये जातात, पण लॉगमधली प्रश्नचिन्हं तेव्हाही राहू शकतात, म्हणून हे चल नव्या आवृत्तीतही भरा.

कचरा कुठल्या जातीचा आहे तेही बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि मधे विचित्र चिन्हं दिसत असतील तर बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्याने चुकीच्या चष्म्यातून वाचलंय. ते परत मिळवता येतं. डेटाबेसमध्ये खरोखरची प्रश्नचिन्हं साठली असतील तर नाव गेलं, मूळ नोंदवहीतून पुन्हा भरावं लागतं. आणि नाव अर्ध्यात तुटत असेल तर रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जातेय. यूटीएफ-८ मध्ये मूळ अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाला तीन बाइट लागतात. ‘पाटील’ पंधरा बाइटचं होतं, कन्नडमध्ये लिहिलं तरी पंधराच. ३० बाइटच्या रकान्यात आडनाव बसलं की वडिलांच्या नावाला जागा उरत नाही. रकाना अक्षरांत मोजणारा करून घ्या आणि चाचणीच्या डेटात दोन्ही लिप्यांतलं एकेक लांबलचक नाव कायमचं ठेवा.